कारागिराची तार आणि नादबाबा

कारागीर जिवंत असताना त्याच्या कारखान्यात गिऱ्हाईक आले, तर बसायला स्टूल शोधावे लागे. तो गेल्यावर मात्र तिथे लोक लाकडाच्या भुशात मांडीला मांडी लावून बसू लागले. कारण कारागीर गेला असला तरी बोलत होता, असे नादबाबांचे म्हणणे होते.

त्याने बनवलेले शेवटचे चार तारांचे वाद्य भिंतीवर टांगलेले होते. नादबाबा त्याच्यासमोर डोळे मिटून प्रश्न विचारत आणि शेवटी "सांगाऽऽ" असा लांबलचक सूर लावत. मग कोणी हात न लावता वाद्य हळूच गुणगुणे. गुणगुणले की होकार, गप्प राहिले की नकार. बाकी कोणी वाद्याला शिवायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. जिवंतपणी ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नसे, तो कारागीर आता लोकांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनवर सल्ला देत होता.

त्याच्या मुलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. ती बापाच्या हाताखाली तयार झालेली. बापाने अर्धवट सोडलेले एक वाद्य टेबलावर शिकंज्यात आवळून ठेवलेले होते आणि ते तिला पुरे करायचे होते. पण रंध्याच्या आवाजाने आत्म्याला त्रास होतो, असा शोध नादबाबांनी लावला होता. खोलीला कुलूप घालायचे आणि किल्ली त्यांच्या मठात द्यायची, असे ठरले होते. आई कबूल झाली होती.

मुलीने आईला परोपरीने समजावले होते. तार ज्या सुरात लावलेली असते, तोच सूर जवळपास कोणी काढला की ती आपोआप थरथरते. आपले बाबा कामात हे रोज बघायचे, त्यात नवल काही नाही, असे ती म्हणाली.

"मग तू बोलतं करून दाखव," आई म्हणाली.

लोक गेल्यावर मुलगी वाद्यासमोर उभी राहिली आणि घसा कोरडा पडेपर्यंत सगळे सूर लावत राहिली. वाद्य ढिम्म. तिने बोटाने तार दाबली, तर ती सैल. आणि सैलच असायची, कारण टांगलेल्या वाद्याची तार ताणलेली ठेवली तर दांडी वाकते, हा त्या घरातला पहिला धडा होता. या वाद्याच्या तारा तिनेच सैल केल्या होत्या.

"ते तुझ्याशी बोलत नाहीत," आई हळूच म्हणाली. "तुझा विश्वास नाही ना."

हे तिला फार लागले. बापाची ती लाडकी होती. ती रंधा हातात घेऊन बराच वेळ रडली. मग डोळे पुसल्यावर तिच्या डोक्यात आले की सैल तार गुणगुणूच शकत नाही. गुणगुणते आहे, म्हणजे मधल्या वेळात तिला कोणीतरी ताणते आहे. तिने तार पिळायच्या प्रत्येक खुंटीवरून दांडीपर्यंत पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची होती म्हणून गर्दी जास्तच होती. नेहमीप्रमाणे नादबाबांच्या चेल्याने वाद्यावर शाल टाकली आणि आत हात घालून "आत्म्याचे अंग पुसायला" सुरुवात केली. नादबाबा जोरजोरात घंटा वाजवू लागले आणि लोकांनाही मोठ्याने नामघोष करायला लावला. एवढा गोंगाट कशासाठी, हे मुलीला आज कळले. त्या आवाजात तार छेडून सुरात लावली, तरी कोणाला ऐकू जाणार नव्हते. कार्यक्रम संपल्यावर "आत्म्याला निजवताना" पुन्हा शाल येई आणि तार सैल होई.

"किल्ली मठात द्यायची का? सांगाऽऽ," नादबाबांनी सूर लावला. वाद्य गुणगुणले. आईने डोळे पुसत कनवटीची किल्ली काढली.

"थांब आई. आधी ही खुंटी बघ," मुलगी म्हणाली. "काल मी इथून इथपर्यंत सरळ रेघ मारली होती."

खुंटीवरची रेघ अर्धा फेरा सरकलेली होती. आईचा सगळा संसार लाकूड चिकटवायच्या सरसाच्या वासात झालेला. तिला जास्त सांगावे लागले नाही. किल्ली तिच्या हातातच राहिली.

"आत्म्याने फिरवली असेल," चेला घाईघाईने म्हणाला.

मुलीने मान डोलावली. तिने पुढे बसलेल्या शिंपीणकाकूंना सूर धरायला सांगितले. काकूंचा आवाज साऱ्या गल्लीला ठाऊक होता. त्यांच्या सुराशी जुळेपर्यंत तिने खुंटी पिळली, तारेवर कागदाचा दुमडलेला कपटा बसवला आणि काकूंना पुन्हा तोच सूर लावायला सांगितला. काकूंनी तोंड उघडताच कपटा टुणकन उडून खाली पडला. तार गुणगुणत राहिली.

तिने कपटा परत तारेवर ठेवला. "आता तुम्ही, बाबा."

नादबाबांनी सूर लावला. कपटा जागचा हलला नाही. काकूंच्या पट्टीला पोचता पोचता त्यांचा गळा फाटला आणि ठसका लागला.

"म्हणजे आता काकू मठ काढणार का?" मागून कोणीतरी विचारले आणि खोलीभर हशा पिकला. इथे फार अश्रद्धा आहे, असे पुटपुटत नादबाबांनी काढता पाय घेतला. चेल्याने शाल काखोटीला मारली. घंटा मात्र तिथेच राहिली.

"मग माझ्या गुडघ्याचं काय?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"डॉक्टरांना दाखवा, काका. आणि कोणी असा चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाला, तर उठून घरी जा."

लोक पांगले. आई वाद्यासमोर बसूनच होती.

"म्हणजे ते नव्हतेच," ती म्हणाली.

मुलीला जिंकल्याचा आनंद वाटला नाही. "नव्हते, आई."

आई उठली. तिने काकूंच्या सुरात लावलेली खुंटी आपल्या हाताने उलटी फिरवून सैल केली.

"टांगायचं तर तार सैल ठेवायची. तुझे बाबा किती वेळा सांगायचे तुला," ती म्हणाली. मग तिने किल्ली टेबलावर, रंध्याशेजारी ठेवली. "उद्यापासून कामाला लाग. आवाज झाला तर होऊ दे."