गोळी वाढवायच्या आधी

कोगनोळीत लाईट गेली की लोक ऑफिसला फोन करत नसत, महादेवला करत. अठरा वर्षं तो लाईनमन होता. त्याच्यासारखा झपाझप आणि तरी सांभाळून खांबावर चढणारा माणूस निपाणीच्या सेक्शनमध्ये दुसरा नव्हता, असं त्याचे साहेबसुद्धा म्हणायचे. त्याची बायको रूपाली गावातल्या अंगणवाडीत शिकवायची. 'काल तुझ्या मालकानं अर्ध्या तासात लाईट आणली बघ,' असं कुणी बाई म्हणाली तर ती नुसतं 'व्हय' म्हणायची. पण तो दिवस तिला चांगला जायचा.

असा माणूस दिवाळीनंतर गप्प झाला. कामावर जायचा, यायचा, आणि कॉटच्या कडेला बसून राहायचा. पुढ्यातल्या चहावर साय धरायची. जेवण निम्म्यावर आलं. काय झालंय विचारलं तर त्याच्याकडं सांगायला कारण नव्हतं, आणि कारण नाही याचीच त्याला जास्त लाज वाटायची. दोन महिने वाट बघून रूपालीनं त्याला बेळगावला नेलं. कोल्हापूर जवळ होतं, पण तिथं निम्मे पाहुणे. बेळगावात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. तिथल्या लतिका डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, याला डिप्रेशन म्हणतात असं सांगितलं आणि रोज रात्री जेवणानंतर एक गोळी लिहून दिली. गुण यायला चार-सहा आठवडे लागतील, असंही बजावलं.

आठ आठवडे झाले. गुण नव्हता.

"वाढवून आण की डोस," महादेवचा थोरला भाऊ परशराम म्हणाला. "मोठी गोळी दिल्याबिगर मोठं दुखणं जातंय व्हय?"

महादेवनं मान डोलावली. डॉक्टरांकडं जायचा दिवसही जवळ आला होता.

आदल्या दिवशी रूपालीनं पिशवीत कागद भरता भरता गोळ्यांची पाकिटं बघितली. साठ गोळ्या आणल्या होत्या आणि दिवस झाले होते छप्पन्न. चार उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या पंचवीस. तिनं पुन्हा मोजल्या. पोटुशा बायकांना ती रोज लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारायची. 'घेतल्या की बाई,' असं म्हणून नजर चुकवणाऱ्या बाया तिला लांबून ओळखू यायच्या. स्वतःच्या घरातला माणूस तिला ओळखता आला नव्हता.

सकाळी एसटीनं संकेश्वर ओलांडलं तरी ती विचारच करत होती. डॉक्टरांपुढं आपण सांगावं, तर या माणसाची उरलीसुरली मान खाली जाईल. सांगू नये, तर डॉक्टर डोस वाढवतील, आणि न घेतलेल्या गोळीवर आणखी मोठी गोळी येऊन बसेल. शेवटी ती खिडकीकडं बघत म्हणाली, "आमच्या अंगणवाडीत बायका गोळ्या घेत न्हाईत अन् घेतल्या म्हणून सांगत्यात. मी कुणावर रागवत न्हाय. का घेत न्हाईस, एवढंच विचारते."

महादेव हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत बसला. हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत तिकीट पार चुरगळून गेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद बघितला. "फरक वाटत नाही म्हणता. मग डोस वाढवायचा विचार करता येईल. गोळी रोज घेताय ना?"

"व्हय," महादेव म्हणाला.

रूपाली पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. डॉक्टर लिहायला लागल्या. दोन ओळी लिहून झाल्या असतील.

"डॉक्टर, थांबा," महादेव म्हणाला. "खोटं बोललो मी. रोज घेतली न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सुरवातीला आठ दिवस घेतली. मग एकदा खांबावर हुतो अन् डोकं हलकं झालं. कमरंला पट्टा हुता म्हणून ऱ्हायलो. तवापासनं दुसऱ्या दिवशी चढायचं असलं की आदल्या राती गोळी चुकवत हुतो. घरात कुणाला सांगितलं न्हाय." त्यानं रूपालीकडं हात केला. "हिला बी न्हाय."

"वर असताना आणखी काही मनात येतं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "जिवाचं काही बरंवाईट करावं असं?"

हा प्रश्न ऐकून रूपालीनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"करावं असं येत न्हाय. पण वर गेल्यावर खाली कशाला यायचं, ते आठवावं लागतंय. आधी असं आठवावं लागत नव्हतं."

डॉक्टरांनी त्याला आणखी बरंच विचारलं, घाई न करता. मग म्हणाल्या, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. आता माझं ऐका. जी गोळी धड पोटात गेलीच नाही, ती लागू पडत नाही असं मला म्हणता येणार नाही. डोस आज वाढवायचा नाही. हीच गोळी रोज, एकही दिवस न चुकवता. आणि मी सांगेपर्यंत खांबावर चढायचं नाही. तसं पत्र देते. आठ दिवसांनी मला भेटायचं. मधे तसले विचार वाढले तर कुठल्याही वेळी फोन करायचा." त्यांनी नंबर लिहून कागद रूपालीच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर महादेव म्हणाला, "मोजल्या हुत्यास न्हवं तू?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं तुम्ही सांगावं असं वाटत हुतं."

दुसऱ्या दिवशी तो पत्र घेऊन निपाणीला गेला. साहेबांकडं बंद दाराआड सांगता आलं असतं. पण सकाळची कामं वाटताना सगळे लाईनमन उभे असतात, तिथंच त्यानं सांगितलं, साहेबांना कळावं म्हणून कानडीत आणि मग सोबत्यांसाठी मराठीत. मनाचा आजार आहे, गोळी चालू आहे, डॉक्टरांनी चढू नको म्हणून सांगितलंय. संध्याकाळी त्यानं हे सगळं रूपालीला जसंच्या तसं सांगितलं.

"कोण काय म्हटलं?" तिनं विचारलं.

"कोण काय म्हणंना. माझ्यासंगट चढणारा नागोजी तेवढा साहेबांना म्हटला, चढायच्या कामाला त्येच्या जागी माझं नाव घाला." महादेवनं ताट पुढं ओढलं. "साहेबांनी मला फोनवर बसवलंय. गडी वर असताना लाईन बंद-चालू करायची जोखीम बी माझ्याकडंच दिली."

अठरा वर्षं तो वादळात चढताना तिनं खालून बघितला होता. पण त्या दिवशी त्याला जेवण वाढताना तिला जे वाटलं, ते कधीच वाटलं नव्हतं.

रोजची गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात डोकं हलकं व्हायचं, पण पाय जमिनीवर होते. महिन्याभरात झोप लागायला लागली. चहा गरम असताना संपायला लागला. डॉक्टरांना सांगितलेले ते विचार आधी विरळ झाले आणि मग आलेच नाहीत. तरी कॉटच्या कडेला बसून राहणं पुरतं सुटलं नव्हतं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा डोस वाढवायचा प्रश्न काढला.

"निम्मं बरं वाटतंय," महादेव म्हणाला. "ह्या खेपेला एक बी चुकवली न्हाय. तवा निम्मं ऱ्हायलंय ते गोळीचं हाय, माझं न्हाय. वाढवूया."

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी डोस वाढवला.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी चढायची परवानगी दिली. पावसाळा तोंडावर होता, साहेबांना माणसं कमी पडत होती. महादेवनं त्यांच्याकडं स्वतःहून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. मन बरं झालंय, हातांची सवय परत यायला वेळ द्या, म्हणाला.

त्या पंधरा दिवसांतच अंगणवाडीत मुलांची वजनं घेताना एक बाई रूपालीच्या कानाशी लागली. "तुझा मालक आता खांबावर चढत न्हाय म्हणं? भ्याला व्हय?"

"चढत न्हाय," रूपाली सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गोळी चालू हाय त्यांची. सगळ्या लाईनमनपुढं उभं ऱ्हाऊन त्यांनी सवताच सांगितलंय. तुमच्यात कुणाच्या घरात हाय असा गडी?"

मग तिनं पुढचं मूल काट्यावर बसवलं आणि वहीत वजन लिहिलं.