कुंपणाची मागची बाजू

वायरमननं गवंड्याला बोलावलं, तेव्हा त्याचे वडील, अण्णा, बागेच्या कुंपणाशीच उभे होते. कात्री चालू होती. "अण्णा, हे काढून भिंत घालतोय," लेकानं सांगितलं. "घर तुझं, मर्जी तुझी," एवढंच म्हणून अण्णांनी पुढची फांदी धरली.

आता त्या कुंपणात बघण्यासारखं होतं तरी काय? घराच्या सावलीनं आतल्या अंगाला नुसत्या काटक्या. पान शोधायला भिंग लागावं. आणि त्यापायी अण्णा रोज सकाळी दोन तास कंगवा आणि कात्री घेऊन हजर! हो, कंगवासुद्धा. चाळीस वर्षं लोकांचे केस कापले, दुकान बंद केलं, पण हात काही गप्प बसेनात. शेजारीपाजारी तोंड लपवून हसायचे. बायको म्हणायची, "राहू द्या की, जीव रमतो त्यांचा." वायरमनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कामावर तो "वडिलांचं दुकान होतं" इतकंच सांगायचा. कसलं, असं कुणी विचारलं, की ह्याला नेमका कुठला तरी उडालेला फ्यूज आठवायचा.

बाहेरून माप घ्यायला गवंडी मागच्या गल्लीत गेला. अण्णा सोडले तर घरातलं कुणी तिकडे कधी फिरकत नसे. दहा मिनिटं झाली, वीस झाली. हा माणूस झोपला की काय, असं पुटपुटत वायरमन वळसा घालून गेला.

गवंडी जागाच होता. टेप खिशात तशीच, हातात ओळंबा, आणि नजर कुंपणावर. शेजारी एक बाई बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून बघत होत्या.

या अंगाला दिवसभर ऊन. कुंपण हिरवंगार, पानाला पान भिडलेलं. खाली अगदी बारीक कापलेलं, वर जाता जाता दाट होत गेलेलं. बारीक कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येईना. मधल्या विजेच्या खांबाभोवती कानामागून काढावी तशी सुबक कड काढली होती. वायरमनचा जन्म खांबांवर गेला होता, पण इतका देखणा खांब त्यानं कधी पाहिला नव्हता.

"ही कड ओळंबा लावून बघितली," गवंडी म्हणाला. "केसभर फरक नाही हो!"

"मी तर रोज मुद्दाम इकडूनच जाते," बाई म्हणाल्या.

वायरमनला अण्णांचं दुकानातलं बोलणं आठवलं. समोरचं गिऱ्हाइकाला आरशात दिसतं, मागचं दिसत नाही; म्हणून मागे जास्त जपून हात चालवायचा.

"कुठला माळी लावलाय?" गवंड्यानं विचारलं.

वायरमनची छाती अभिमानानं भरून आली, आणि इतकी वर्षं आली नाही याची लाजही वाटली.

"माळी नाही. न्हावी आहेत. माझे वडील."

कुंपणापलीकडची कात्री थांबली.

"मग भिंतीचं काय?" गवंड्यानं विचारलं.

"भिंत नको."

"काय म्हणालास रे?" पलीकडून अण्णांचा आवाज आला. "त्याच्या आधीचं. नीट ऐकू नाही आलं."

अण्णांचे कान तिखट होते, हे सगळ्या घराला ठाऊक. वायरमननं परत सांगितलं, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.