वास घेतल्याशिवाय माल नाही

आमचे सासरे आप्पा कुणी नवं माणूस भेटलं की हमखास सांगायचे, "तीन पिढ्यांचा धंदा आहे, पण आजवर कुणी नाव ठेवलं नाही." मी मनात म्हणायची, नाव ठेवायला तोंड उघडावं लागतं. इथं गिऱ्हाईक येतं तेच नाकातोंडाला पदर लावून.

रत्नागिरीत बंदराच्या रस्त्याला आमची वखार. पाटी ही मोठी, 'भागोजी गंगाराम आणि कंपनी, जळण व इमारती सामान'. कंपनी म्हणजे कोण, तर आप्पा, त्यांचा मुलगा रघू म्हणजे आमचे हे, धाकू हमाल आणि एक ट्रक. भागोजी हे आप्पांचे आजोबा. त्यांनी लाकडं आणि कोळसा विकला. त्यांच्या मुलानं गलबतातून रॉकेल उतरवून घ्यायला सुरुवात केली, आणि माल डोळ्यांसमोर राहावा म्हणून वखारीच्या मागच्या खोल्यांतच बिऱ्हाड थाटलं. आप्पा त्या खोल्यांत जन्मले. आमचे हेही तिथंच. चूल, देव, बाळंतपणं, सगळं रॉकेलच्या पिंपांना पाठ लावून.

मी देवरूखची. लग्न होऊन आले त्या दिवशी पहिला घास तोंडात घातला आणि उठून परसात जाऊन ओकले. भाताला रॉकेल, गोधडीला रॉकेल, देवाच्या फुलांना रॉकेल. घरातली माणसं माझ्याकडे बघत राहिली. कसला वास, असं विचारायची, आणि खरंच विचारायची हो, सोंग नव्हे! त्यांना येतच नव्हता. जन्मापासून त्यात वाढलेली, त्यांची नाकं कधीच मेलेली. आप्पा प्रेमानं म्हणाले, होईल सवय. सासूबाई त्याआधीच देवाघरी गेल्या होत्या, नाहीतर त्यांना विचारलं असतं मी, की तुमचं कसं झालं?

सवय! त्या शब्दानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला सवय नकोच होती. लिंबाच्या पानाचा वास, कढीला दिलेल्या फोडणीचा वास, हे सगळं गमावून बसायचं आणि वर त्याला सवय म्हणायचं? पुढे राही झाली तेव्हा तर माझा जीव अधिकच वरखाली व्हायला लागला. पोर पिंपांच्या आडोशाला रांगायला शिकली. तिला चाफ्याचं फूल हुंगायला दिलं की ती ते सरळ खायची. तिला काही कळतच नव्हतं.

मी ह्यांच्या मागे लागले, दुसरीकडे घर बांधा. गावाबाहेर नाचण्याला आमचा जमिनीचा एक तुकडा होता, नुसता कातळ आणि वारा. हे म्हणाले, बांधू. इमारती सामानाचा जम बसू दे, मग बांधू. तेव्हा सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण नुकतंच सैल झालं होतं आणि खाडीकडच्या गावांतली मुलं कुवेत, दुबईला जाऊन घरं बांधायला लागली होती. ह्यांनी हट्टानं सिमेंट, चुना, कौलं ठेवायला सुरुवात केली. आप्पांचा जीव रॉकेलात. ते म्हणाले, बघ करून, पण एकदा का नाव गेलं तर चुना-बिना बंद, परत आपलं जळण ते जळण. म्हणजे माझं घर ह्यांच्या चुन्यावर अवलंबून! मग मी गप्प बसते होय?

पहिल्याच वर्षी मी ह्यांना सांगितलं की तुमच्या कौलांनासुद्धा वास मारतो, लोकांनी काय घराचाच कंदील करायचा? तेव्हापासून ती पद्धत पडली. माल ट्रकवर चढायच्या आधी धाकू हाक मारायचा, "वैनी, वास!" मी हात पुसत बाहेर यायची, गोण्यांना नाक लावायची, आणि म्हणायची, जाऊ दे, किंवा ठेव बाजूला. लोक हसायचे. शेजारच्या वखारवाल्यानं आमच्या ह्यांना विचारलं, काय रघूशेट, बायकोला पगार देता की नुसती नथ? पण गिऱ्हाईकं वाढली. आप्पासुद्धा गिऱ्हाईकाला ऐटीत सांगायला लागले, आमच्याकडे सुनेनं वास घेतल्याशिवाय माल सुटत नाही. आमच्या घरात तेवढं एक माझं चालायचं आणि मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

आधी मी दर महिन्या-दोन महिन्यांनी माहेरी जायची. आई माझी लुगडी दोरीवर वाळत घालायची आणि कुरकुरायची, चार दिवस वारा खाऊ देत त्यांना. पण धंदा वाढला तसं जाणं सुटलं. रोज ट्रक, रोज धाकूची हाक. गणपतीला गेले नाही, दिवाळीला गेले नाही. आई निरोपावर निरोप धाडायची. मी म्हणायची, येते, एवढं काम होऊ दे.

एवढं काम म्हणजे हफीजाबींचं घर. जयगडच्या वाटेला खाडीकाठी त्यांचं गाव. मुलगा नझीर कुवेतला, मुलगी जन्नत, तिचं लग्न ठरलेलं. घर पुरं व्हायचं, नझीर सुट्टीवर यायचा आणि नव्या घरातून जन्नतची पाठवणी व्हायची, असा बेत. चिऱ्यापासून चुन्यापर्यंत सगळा माल आमचा. हफीजाबी स्वतः वखारीत आल्या होत्या. मला म्हणाल्या, तुझ्या नाकाची लय तारीफ ऐकली. त्या गावात अजून पुष्कळ घरं व्हायची होती आणि सगळे हफीजाबींचं घर बघून ठरवणार होते. हे मला म्हणाले, हे एक पार पडलं की नाचण्याला पाया. मला झोप येईना. मनातल्या मनात मी खिडक्या कुठल्या बाजूला ठेवायच्या ते ठरवत होते.

शेवटचा माल चुन्याचा. आतल्या भिंतींना द्यायचा. धाकूनं हाक मारली, मी गेले, गोण्या हुंगल्या, जाऊ दे म्हटलं. ट्रक गेला.

मग निरोप आला. हफीजाबींच्या गावचा एक जण बाजाराला आला होता, तो सांगत होता की घराला रॉकेलचा वास मारतोय, आत पाय ठेववत नाही. आप्पा उखडले. म्हणाले, खाडीचा असेल, माशांचा असेल, लोकांना काहीतरी खुसपट हवं. हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, सगुणेनं वास घेतला होता, प्रश्नच नाही. मी तर सगळ्यांत जास्त भडकले. म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता, मी दाखवते त्यांना. राहीला कडेवर घेतलं आणि ह्यांच्या नि आप्पांच्या आधी ट्रकमध्ये चढून बसले. वाटभर माझी टकळी चालू होती, लोक कसे फुकटचं नाव खराब करतात म्हणून.

घर देखणं झालं होतं. पांढरं शुभ्र. सगळी दारं-खिडक्या उघड्या आणि आत कुणी नाही, सगळी माणसं अंगणात. हफीजाबींनी नुसता हात केला, जा म्हणून. मी आत गेले. लांब श्वास घेतला. काही नाही. भिंतीशी गेले, नाक टेकवलं. ओला चुना, बस. मला हायसं वाटलं. बाहेर येऊन म्हणाले, आतमध्ये चुन्याचा वास आहे, दुसरा कसलाच नाही.

आमच्या ह्यांची छाती फुगली. ते अंगणातल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या सगुणेला वास आला नाही, म्हणजे नाहीच."

हफीजाबींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "बेटी, तू बी?"

मी तरातरा परत आत गेले. चुना देणारे दोन रंगारी मागच्या पडवीत बसले होते, तोंडाला फडकी बांधून. त्यांना विचारलं, फडकं कशाला? ते म्हणाले, वास उग्र आहे ना बाई, आम्हाला वाटलं वाळवी लागू नये म्हणून कंपनीनंच चुन्यात रॉकेल घातलंय, लोक घालतात ना.  मागे वळून बघते तर जन्नत माझ्यामागून आत आलेल्या राहीला बाहेर न्यायला आली होती, ओढणी नाकावर घट्ट दाबून, डोळ्यांत पाणी. आणि माझी राही? ती त्या ओल्या भिंतीला गाल लावून खिदळत होती. गाल पांढरा झालेला. त्या घरात सुखानं श्वास घेणारी माणसं दोनच, मी आणि माझी पोर.

अगो बाई गो. कधी गेलं माझं नाक? कळलंसुद्धा नाही. पायात काटा मोडला तर कळतं, दात पडला तर कळतं, आणि हे असं गेलं की रोज गोण्यांना नाक लावत होते आणि रोज जाऊ दे म्हणत होते.

बाहेर हे अजून बोलतच होते. आप्पा मान डोलावत होते. मला समजत होतं की मी गप्प राहिले तर निभावून जाईल. माझ्या नाकावर अख्ख्या तालुक्याचा विश्वास, शब्दाला शब्द, कोण खोटं पाडणार? चार दिवसांनी वास उडेल, पैसे येतील, नाचण्याला पाया खणला जाईल. आणि बोलले तर चुना बंद, घर बंद, आणि धाकूची ती हाकही बंद. सगळं मला उभ्या उभ्या दिसत होतं. पण जन्नतची ती ओढणी बघून मला राहवेना.

मी पायरीवर उभी राहिले आणि म्हणाले, "वास आहे. मला येत नाही, एवढंच."

 मी म्हटलं, मला आता तुमच्यासारखाच येत नाही, कधीपासून ते ठाऊक नाही. हफीजाबी पुढं आल्या आणि त्यांनी राहीचा गाल आपल्या पदरानं पुसला. रागाचं एक अक्षर नाही. मला मेलीला त्याचंच रडू आलं.

आप्पांना मी फार बोलत आलेय, पण त्या दिवशीचं सांगायलाच हवं. त्यांनी टोपी काढली आणि हफीजाबींना म्हणाले की सगळ्या भिंती खरवडून, धुऊन, नवा चुना देऊन लग्नाच्या आत घर ताब्यात देतो, खर्च माझा. पुढे वखारीत शोधलं तेव्हा सापडलं. चुन्याच्या थप्पीमागचं एक पिंप तळाशी झिरपत होतं, खालच्या सगळ्या गोण्या त्यात भिजलेल्या. धाकूला, ह्यांना, आप्पांना, कुणालाच कळलं नव्हतं. कळावं म्हणून तर मला ठेवली होती.

परतताना ट्रकमध्ये राही माझ्या मांडीवर झोपली. हातखंब्याच्या अलीकडे ह्यांना जरा हुरूप आला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट माझी समजूत काढायला गेले. म्हणाले, जाऊ दे गो, एक बरं झालं, आता घराची घाई नाही. तुला वास कुठं येतोय आता?

मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "म्हणूनच बांधायचं," मी म्हणाले. "मी तिथं उघड्यावर राहीन पोरीला घेऊन, पण त्या खोल्यांत परत निजणार नाही."

 मला वाटलं आता आप्पा बोलतील, चुना बंद, जळण ते जळण, नाव गेलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "राहीची आजी सुरंगीचा गजरा माळायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, काशी आली की आधी सुरंगी येते. मी आपला हो म्हणायचो." मग माझ्याकडे वळले. "कसा असतो गो तो वास?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. एवढा संसार केला माणसानं, आणि बायकोच्या डोक्यातलं फूल त्याला कधी हुंगता आलं नाही. मी म्हटलं, गोड असतो आप्पा. गजरा उन्हात सुकत आला की आणखी गोड. लांबून येतो.

"असेल," आप्पा म्हणाले. मग ह्यांना म्हणाले, "रघू, उद्या नाचण्याला जाऊन पायाची दोरी मार. चिरे, कौलं आपली घाल. चुना मात्र दुसऱ्याकडून आण."