तुंगाबाईंनी मागितलेली दुसरी पळी

मी एक जुना तांब्याचा गडू आहे. साधासुधा नव्हे, गंगेचा गडू. ज्या पाण्याचा थेंब ओठाला लागला की जन्मोजन्मीची पापं धुऊन निघतात, ते पाणी पोटात घेऊन मी काशीहून निघालो. मित्रांनो, माझ्यापुढे राजेमहाराजांनीही हात जोडावेत अशी माझी योग्यता. सध्या माझ्या पोटात हरभरे भिजत घातले आहेत.

काशीच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं, गंगेत बुडवून भरलं आणि तोंडावर लाख ओतून बंद केलं. बंगळुरात चिकपेठेत नरसिंगरावांचं कापडाचं दुकान. ते यात्रेला आले होते, त्यांनी मला मांडीवर घेऊन रेल्वेचा सगळा प्रवास केला. पुढे त्यांनी जयनगरात नवं घर बांधलं. भांडीकुंडी बैलगाडीतून गेली. मी मात्र जटक्यातून, घोड्याच्या मागे, ऐटीत.

घरात नियम एकच होता. गंगेचा गडू कोणी शेवटच्या घटका मोजू लागलं तरच उघडायचा. तोवर हातसुद्धा लावायचा नाही. नरसिंगरावांच्या पत्नी शारदाबाई माझ्यावर हळदकुंकूही लांबून उडवायच्या.

आता तुम्हीच सांगा, अशा घरात काही लपवायचं तर सगळ्यात बरी जागा कोणती? हे त्या घरात एकाच माणसाला सुचलं. तो म्हणजे रघुपती, त्यांचा एकुलता एक मुलगा. वय सतरा, नुकताच कॉलेजात गेलेला.

साल १९६३. घरात कोणी नसताना भर दुपारी रघुपतीनं मला देवघरातल्या फळीवरून खाली काढलं. त्याच्या हातातल्या चाकूनं माझं लाखेचं टोपण अख्खंच्या अख्खं निघालं. माझी गंगा त्यानं पिण्याच्या माठात ओतली. त्या दिवशी सगळं घर पवित्र झालं आणि कोणाला पत्ताही लागला नाही. मग माझ्या पोटात काहीतरी लालसर, झोंबरं ओतून त्यानं टोपण परत बसवलं. मित्रांनो, मला तर गरगरायलाच लागलं!

ती ब्रँडी होती. रघुपती अधूनमधून यायचा, टोपण काढायचा, घोट घ्यायचा, वेलदोडा चघळायचा आणि मला नमस्कार करून जायचा. नमस्कार तो कधी चुकला नाही.

घरच्यांना काहीच दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. सकाळी पोराचं डोकं दुखायचं. शारदाबाई मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढायच्या. त्याचे डोळे लाल असायचे, नरसिंगराव दुकानात अभिमानानं सांगायचे, "फार वाचतो हो!" जुने मित्र यायचे बंद झाले, पंगतीला तो बसेनासा झाला, विचारलं की अंगावर यायचा. नरसिंगरावांची थोरली बहीण तुंगाबाई त्याच घरात असायच्या. त्यांनी निकाल दिला, "शनी आहे. उन्हाळ्यात जाईल." खिशात वेलदोड्यांची टरफलं सापडली तेव्हा तर कौतुकच झालं. पोर विडी ओढत नाही, वेलदोडे खातं!

या तुंगाबाई दर निर्जळी एकादशीला मरायच्या. म्हणजे तसं जाहीर करायच्या. त्या वर्षी मात्र उपासानं त्या खरंच चक्कर येऊन पडल्या. डोळे मिटून पुटपुटल्या, "नरसिंगा, मी चालले. गंगा आण."

रघुपती दारात उभा होता. तो पांढराफटक पडला.

"अण्णा, डॉक्टरांना बोलवू या! गंगा नको!"

"बघा हो, आत्यावर केवढी माया!" शारदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नरसिंगरावांनी मला उतरवलं. टोपण हाताला लागताच निघालं. माझ्यातली पळीभर गंगा तुंगाबाईंच्या तोंडात गेली. त्यांना जोराचा ठसका लागला, गालांवर रंग आला. त्या उठून बसल्या.

"नरसिंगा, काशीची गंगा तिखट कशी रे?" जरा थांबून म्हणाल्या, "स्वल्प आणखी दे."

सगळे थक्क. धावत आलेले शेजारी कृष्णमूर्ती फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला नाकाशी धरलं आणि खाली ठेवलं. "राव, ही गंगा आमच्या मेसमध्ये यायची." एवढं बोलून तो शहाणा माणूस चपला घालून निघून गेला.

नरसिंगरावांनी कोपऱ्यातला कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. "कुळाला बट्टा लावलास! चालता हो! आजपासून तू माझा मुलगा नाहीस!"

रघुपती हलला नाही. तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, मला सोडायची आहे. जमत नाही. तीनदा बघितलं."

गज हवेतच राहिला.

"नरसिंगा, खाली बस," तुंगाबाई म्हणाल्या. "मी मरायची थांबले ना? तूही थांब. हा घराबाहेर गेला तर तिथं पिणारेच भेटतील. इथं निदान विचारणारे आहेत."

नरसिंगराव गज टाकून मुलासमोर फरशीवर बसले. मग विचारलं, "कधीपासून?"

"कॉलेज लागल्यापासून. आधी मित्रांबरोबर, गंमत म्हणून. मग एकटाच. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात फार वाचतो म्हणून. मला एक अक्षर कळत नव्हतं, अण्णा."

शारदाबाईंनी सवयीनं मुठीत मीठमिरच्या घेतल्या होत्या, त्या डब्यात परत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बापलेक डॉक्टरांकडे गेले. लोकांना काय सांगायचं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि काहीच सांगायचं नाही असं ठरलं. दुकान लवकर बंद करून नरसिंगराव रोज संध्याकाळी मुलाबरोबर लालबागेत फिरू लागले. दसऱ्याला पोर एकदा घसरलं. या वेळी त्यानं स्वतः येऊन सांगितलं. नरसिंगरावांचा चेहरा लाल झाला. पण ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. चल, फिरून येऊ." मित्रांनो, काशीहून इथवर मी पुष्कळ पुण्यवान माणसं पाहिली, पण माझा नमस्कार त्या शब्दांना.

ब्रँडी मोरीत गेली आणि मी बाटलो म्हणून माझं देवघरातलं स्थानही गेलं. रघुपती पुढे बँकेत लागला. मी स्वयंपाकघरात लागलो.

तर मित्रांनो, हे तुमच्या आईवडिलांना जरूर वाचून दाखवा. मुलाचं डोकं दुखलं तर मिरच्या ओवाळण्याआधी त्याला विचारा म्हणावं. आणि तो खरं बोलला तर गज उचलण्याआधी खाली बसा म्हणावं.

आणि स्वयंपाकघरातून जाणारच असाल, तर माझं झाकण जरा उचला. हरभरे फुगलेत. पोट फार ताणतंय.