मिठाच्या पिंपावरची पाटी

मी एक पाटी. सागवानी फळीच्या उरलेल्या तुकड्याची, हातभर लांब आणि जवळजवळ तेवढीच रुंद. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात एकच इंग्रजी शब्द लिहिलेला आहे: 'क्लोज्ड'. इतकी वर्षे तो अंगावर वागवूनही त्याचा खरा अर्थ मला नक्की सांगता येत नाही, आणि त्याचीच मला सदैव धास्ती वाटते.

तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले, त्या दिवसांत माझा जन्म झाला. घाटावरून आलेल्या बन्सी रंगाऱ्याने मला रंगविले. त्याला इंग्रजी येत नव्हते. शिवाजीने कागदावर काढून दिलेली अक्षरे त्याने चित्र काढावे तशी माझ्यावर उतरविली.

हा शिवाजी बोईसरच्या स्टेशनरस्त्यावरील पुंडलिकशेठांचा पुतण्या. मॅट्रिक होऊन तो एका ठेकेदाराच्या कचेरीत कारकून झाला होता. शेठांचे दुकान दोर, कंदील आणि मिठाचे. जवळच्या मुरबे गावच्या कोळणी त्यांच्याकडून मासे खारविण्यासाठी मीठ नेत.

मला पाहताच शेठांनी विचारले, "ह्यावर काय लिवलंय?"

"दुकान बंद, काका."

"बंद म्हणू नये रे. दुकान वाढवलं म्हणावं."

"साहेबलोकांना 'वाढवलं' कसं कळायचं? सगळ्या जगात असंच लिहितात."

"जगात लिहू देत. माझ्या दाराला नाय लागायचं."

त्यांनी मला तागडीमागे, भिंतीकडे तोंड करून उभे केले. तेथून मी ऐकत असे. शिवाजी म्हणे, कचेरीत एखाद्या फाइलवर हा शब्द पडला की तिला पुन्हा कोणी हात लावत नाही. खोदकाम चालू होते म्हणून एका वाटेवर माझ्यासारखीच पाटी लागली. पावसाळा सरताच ती काढली आणि वाट पूर्ववत झाली. एका शब्दाचे हे दोन स्वभाव ऐकून माझा जीव टांगणीला लागे. आपल्या नशिबी यांतला कोणता?

पुढे शेठांच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी मुंबईला शस्त्रक्रिया सांगितली. निघताना शेठ उंबरठ्यावर वळून "येतो" म्हणाले. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना राहू देत नसत, म्हणून त्यांच्या पत्नी मंजुळाबाई घरीच थांबल्या. शिवाजी सोबत गेला. पण जाण्यापूर्वी त्याने दुकानाला फळ्या लावल्या आणि त्यांवर मला टांगले.

त्या शहाण्या मुलाला एक गोष्ट सुचली नाही. आमच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फळ्या लागत, त्या घरात सुतक आले तरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरब्याची रत्नाबाई मीठ न्यायला आली. माझ्यासमोर थबकली आणि तशीच मागे फिरली. उन्हे कलती झाली तेव्हा ती पुन्हा आली. डोईवरच्या टोपलीत भाकरी आणि पिठले होते. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी नेतात तो कडू घास. टोपली माझ्या पायाशी ठेवून तिने हंबरडा फोडला.

"मंजुळे गो, कसा गेला गो माजा भाऊ!"

मंजुळाबाई मागच्या दाराने पिठाच्या हातांनीच धावत आल्या. कपाळी ठसठशीत कुंकू होते. ते पाहून रत्नाबाईने हंबरडा आवरला. हिला अजून कळलेलेच नाही, असे तिला वाटले. आणि मंजुळाबाईंना वाटले, हिने मुंबईहून बातमी आणली आहे. मला हुंदका देता आला असता, तर त्या क्षणी दिला असता.

"कोनी सांगितलं तुला?" मंजुळाबाईंनी कसेबसे विचारले.

"तुला नाय कोनी सांगितलं?"

"मला नाय. तू सांग, कोनी सांगितलं!"

"तुज्या फल्यांनी! फल्या लागल्यान, वर ही पाटी टांगलीय. मंग मी काय समजू?"

मंजुळाबाई मटकन ओट्यावर बसल्या. रत्नाबाईने स्वतःच्याच गालांवर चापट्या मारून घेतल्या. "जल्ली माजी जीभ! पन ऐक गो, जित्या मानसाची खोटी बातमी उठली का त्याचं आयुष वाढतं."

"खरं?"

"म्हातारी मानसं काय खोटं बोलतात?"

मंजुळाबाई उठल्या. "मग फळ्या काढू लाग. ती भाकर गाईला घाल, आनि हात धुवून मीठ न्यायला ये."

मला खिळ्यावरून हिसकून त्यांनी पालथे टाकले. तेव्हापासून दुकान उघडे राहिले. मुंबईहून निरोप नव्हता. दोर मोजताना मंजुळाबाईंचे माप चुके, प्रत्येक गाडीच्या शिटीला हात थांबे. शेठ कोठे आहेत असे कोणी विचारले, तर त्या एवढेच म्हणत, "येतायत."

आणि ते आले. शिवाजीच्या खांद्यावर भार टाकून, अर्धे उरलेले.

"दुकान कोनी उघडलं?"

"वाढवलंच कुठं होतं?" एवढे बोलून मंजुळाबाई आत निघून गेल्या. पदर त्यांनी डोळ्यांना आतच लावला असावा.

सगळी हकिकत कळल्यावर शिवाजी मला चुलीत घालायला निघाला. शेठांनी अडविले. "राहू दे. मिठाला झाकण हवंच हाय."

तेव्हापासून मी पिंपावर आहे, अक्षरे खाली करून. मिठाला दमट हवा लागू देत नाही. पुन्हा उघडता यावे म्हणून झाकून ठेवणे, हाही माझ्या शब्दाचा एक अर्थ असेल काय? रोज सकाळी शेठ स्वतः मला उचलतात, तेव्हा तसे वाटते खरे.

परंतु दुखणे उलटू शकते, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. वाचकहो, एकच विनंती. ज्या घरातले माणूस "येतो" म्हणून गेले असेल, त्या घराच्या दाराला मला लावू नका.

आज उन्हे पार तागडीपर्यंत आली, तरी मला कोणी उचललेले नाही. आत खोकल्याची उबळ आली, थांबली. खाट करकरली.

येत असतील.