साठावरचा काटा

बहिणीनं पिशवीतून भाच्याच्या गाडीचं मीटर काढलं, पदरानं पुसलं आणि दुकानाच्या टेबलावर ठेवलं. काच फुटलेली, तबकडी आत दबलेली, काटा साठावर रुतून बसलेला.

"दादा, आता तूच सांग," ती स्टूल ओढत म्हणाली.

दुचाकींची मीटरं दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेल्या तिच्या या भावाला गल्लीत सगळे काटेमामा म्हणायचे. भाचा जाऊन बावीस दिवस झाले होते. इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर तो रोज सकाळी कालव्याजवळच्या वळणावरून जायचा. त्या दिवशी त्याच वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. काटा साठाच्या पुढे जाऊ देणार नाही, असा शब्द त्यानं गाडी घेताना आईला दिला होता.

"हे एकच धोशा लावून बसलेत," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "पोरानं गाडी पळवली, आपल्याला फसवलं. त्याच्या खोलीचं दार उघडू देत नाहीत. पण काटा बघ ना, साठच आहे. आणि तूच सांगायचास, कंपनीचा काटा चढाच असतो म्हणून. म्हणजे माझं लेकरू साठाच्याही आत होतं. चोपन्न, पंचावन्न. एवढं कागदावर लिहून दे. नेऊन यांच्यापुढे आपटते."

ती म्हणत होती त्यात खोटं काहीच नव्हतं. काटा रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की चाक बारीकसं लहान होतं, तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं आणि काटा वर सरकतो. शिवाय दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कमी कधीही असू नये, म्हणून कारखान्यातच तो थोडा चढा ठेवतात. गिऱ्हाइकांना त्यानं हे हजारदा समजावलं होतं.

पण अपघाताच्या सहा दिवस आधी भाचा याच स्टुलावर येऊन बसला होता.

"मामा, तुझी तीस वर्षं पाण्यात गेली बघ. मोबाइल म्हणतो चोपन्न, मीटर म्हणतं साठ. काटेमामाचा भाचा आणि त्याचाच काटा थापाड्या! पोरं हसतात मला."

मामाला ते झोंबलं होतं. दोघं कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर गेले. भाच्यानं काटा साठावर धरला, मामा मागे घड्याळ घेऊन बसला. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत साठ सेकंद लागायला हवी होती, लागली सहासष्ट. परत येऊन मामानं मीटर उघडलं. आत केबलबरोबर फिरणारं चुंबक काट्याला पुढे ओढतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचते. ती स्प्रिंग त्यानं अंमळ कडक केली. पुढच्या फेरीला बरोब्बर साठ सेकंद.

"मामा, तू डॉक्टर व्हायचं सोडून इथे काय करतोस रे?" असं म्हणून भाचा हसत निघून गेला होता.

काटा सुधारला होता, पण तो साठावर धरायची भाच्याची सवय तीच राहिली होती. वर्षभर तो त्या वळणावर काटा साठावर ठेवत आला होता, म्हणजे खरे चोपन्न. आता साठ म्हणजे साठ. वेग दहा टक्क्यांनी वाढला की वळणावर बाहेर फेकणारा जोर एकवीस टक्क्यांनी वाढतो. हे त्याला बजावायचं मामाला सुचलंच नव्हतं. वळणावर खडी पसरली होती म्हणतात. कदाचित चोपन्नलाही गाडी घसरली असती. बावीस दिवस मामा हे गणित मांडत होता आणि ते सुटत नव्हतं.

"लिही ना, दादा."

त्यानं कागद ओढला. दोन आकडे लिहायचे, बस. पेन टेकवलं आणि उचललं.

"चोपन्न नव्हते गं. साठच होते."

"पण तूच तर..."

"मी काटा दुरुस्त केला होता. आधीच्याच आठवड्यात."

मग त्यानं सगळं सांगितलं; दगड, घड्याळ, स्प्रिंग, वळण. कुठे थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं.

तिनं मीटर स्वतःकडे ओढून घेतलं.

"म्हणजे त्यानं शब्द मोडला नाही."

"नाही. अजिबात नाही."

"मग तेवढं लिही."

त्यानं लिहिलं, 'काटा साठावर आहे. मीटर अचूक होतं.' खाली सही केली. तिनं कागद वाचला, 'अचूक' या शब्दावर बोट ठेवलं, मग घडी घातली.

"अचूक कुणी केलं, ते यांना मी सांगणार नाही. तूच सांगायचं."

"संध्याकाळी येतो."

"आज नको. आज मला तुझं तोंड बघवत नाही, दादा." दाराशी जाऊन ती उभी राहिली. "परवा ये."

ती गेल्यावर काटेमामा दुकानात एकटाच, मेहुण्यांसमोर म्हणायची वाक्यं हलक्या आवाजात म्हणून बघू लागला. 'त्याची चूक नव्हती,' हे पहिलं वाक्य नीट जमत होतं. पुढच्याला आवाज फुटत नव्हता.