सावलीत बसवलेली सोलर प्लेट

मित्रांनो, मी एक जुनी सोलरची प्लेट आहे. माझा एक कोपरा वाकलेला आहे, पण काच शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळीशार होते. एका मळ्यातल्या पंपासाठी मला उभं केलं. पंपातून पहिल्यांदा पाणी पडलं त्या दिवशी बायकांनी मला हळदकुंकू लावलं होतं. पुढे मोठ्या प्लेटा आल्या, एका वादळात माझा कोपरा वाकला, आणि मी शेगावला शेखरच्या सोलरच्या दुकानामागे धूळ खात पडले. कुणी ढुंकून पाहत नव्हतं. फार वाईट वाटायचं हो.

तिथे एक दिवस धाडचे शकूरभाई आणि त्यांची बायको नजमुन्निसा आली. दोघं पिंजारी, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारी. आधी दोघं जुन्या व्हॅनमध्ये बिछाना, स्टोव्ह, पाण्याचा कॅन घेऊन गावोगाव फिरायची आणि दिवस मावळेल तिथे मुक्काम करायची. ते पिंजायचे, ती टाके घालायची. मग तिला साखरेचा आजार जडला, इन्सुलिन सुरू झालं. ते औषध थंड ठेवावं लागतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. शकूरभाईंनी काळजीपोटी तिला घरी बसवलं आणि एकटेच फिरू लागले. इकडे ती वाळत चालली, तिकडे हे जेवायचं विसरू लागले.

शेवटी तिनंच हट्ट धरला. गाडीत औषधासाठी बॅटरीवरची थंड पेटी बसवायची, आणि बॅटरीला सोलर. पण खिसा बेताचा. नवी प्लेट घ्यावी तर बॅटरी हलकी घ्यावी लागणार. शेखरनं सरळ सांगितलं, पैसा चांगल्या बॅटरीत घाला, प्लेट जुनी चालेल. नजमुन्निसानं ओढणीच्या टोकानं माझी काच पुसली आणि हीच घ्या म्हणाली. चोरीचा घोर नको म्हणून शकूरभाईंनी मला टपावर बोल्ट आवळून पक्कं बसवलं.

पहिला मुक्काम वरवट बकालला पडला. भर मे महिना. आमच्याकडे उन्हाळ्यात उभी गाडी कुणी उन्हात ठेवत नाही. शकूरभाईंनी गावाबाहेरचा दाट कडुलिंब शोधला, गाडी त्याच्या बुडाशी लावली आणि मला थोपटून म्हणाले, कर आराम. काय बोलणार मी? माया होती ती! दोन-तीन दिवस मी त्या गार सावलीत उपाशी बसले. बॅटरी उतरत गेली, आणि एका सकाळी पेटी बंद पडली. दुपारी तिनं सुई लावायला पेटी उघडली, तर औषधाची शिशी कोमट झालेली.

शकूरभाई धावतच औषधाच्या दुकानात गेले. नशिबानं नवी शिशी मिळाली. परत आले तोवर तिनं आपलं गाठोडं बांधलं होतं.

"मले एस्टीत बसवून द्या," ती म्हणाली. "तुमच्या जिवाले घोर नको."

गाठोडं उचलता उचलता तिची नजर टपावर गेली. माझ्यावर लिंबाचा पाला आणि पाखरांची घाण साचली होती. उन्हाचा कवडसाही नव्हता.

"जपून जपून तुम्ही मले घरात बसवलं," ती हळूच म्हणाली, "अन् हिले सावलीत. दोघी बिनकामाच्या झालो."

शकूरभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पाना काढला, माझे बोल्ट सोडवले, मला धुऊन मोकळ्या रानात उन्हाकडे तोंड करून ठेवलं आणि लांब वायर जोडली. गाडी सावलीतच राहिली. बॅटरी भरू लागली, पेटी पुन्हा घुमू लागली. नजमुन्निसानं गाठोडं सोडलं, सुईत दोरा ओवला आणि रजई पुढ्यात ओढली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, आजारी माणसाला तर जपाच. पण त्याआधी त्याला काय हवं ते एकदा विचारा. मला ऊन भाजतं, खोटं कशाला सांगू? भाजू दे. त्या पेटीत तिचं औषध आहे.